पहिल्या पाच दिवसांचं दूध

स्वयंपाकघरात ओट्यावर कुणीतरी वाटी पालथी घातली आणि टण् असा आवाज झाला. एवढंच. त्याआधी घर इतकं शांत होतं, की हॉलमधल्या घड्याळाला आपण एकटेच कामावर आहोत असं वाटत असावं. पाच वर्षांची लेक ओवी बालवाडीत होती, नवरा केयूर गोरव्याला कारखान्यात होता आणि रसिका उशीला टेकून अर्ध्या तासाची झोप उरकत होती. तिच्या बाळंतपणाचा तिसरा दिवस होता. बाळ मात्र घरी नव्हतं.

त्या घरात स्टीलच्या वाट्या दोन डझन तरी होत्या. सगळ्या एका मापाच्या, सगळ्यांवर सासूबाईंच्या लग्नातलं नाव कोरलेलं. तरी रसिकाला झोपेतच कळलं, की ही ती वाटी.

ती वाटी तिने पहाटे दहा मिनिटं उकळली होती. मग सहा वाजता अर्धा तास, नऊला अर्धा तास आणि बाराच्या सुमाराला पाऊण तास ती वाटी समोर धरून बसली होती. हॉस्पिटलच्या श्रद्धा सिस्टरने दाखवलं होतं तसं, हाताने, थेंब थेंब. तीन बैठकांनंतर वाटीचा तळ जेमतेम झाकला होता. पिवळं, दाट, बोटाला चिकटणारं काहीतरी. पण सिस्टरच्या हिशोबाने बाळ दर दोन तासांनी एक मिलिलिटर पीत होतं, म्हणजे त्या तळाशी बाळाचं अर्ध्या दिवसाचं जेवण होतं. रसिकाने त्यावर ताटली झाकून वाटी फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ठेवली होती आणि देवघराकडे पाहावं तसं फ्रिजच्या दाराकडे पाहून झोपायला गेली होती.

भिंतीला धरत धरत ती स्वयंपाकघरात आली. वाटी लखलखत होती. सुनंदाबाई पदराला हात पुसत होत्या.

"आई, ह्यात होतं ते?"

"टाकलं गं. खराब होतं. ह्यांनी बघितलं ना."

आता ‘ह्यांनी बघितलं’ या दोन शब्दांचं त्या घरात काय वजन होतं, ते सांगायला हवं. ह्यांनी म्हणजे जनार्दनरावांनी. ते चौतीस वर्षं एका डेअरीत दूध तपासायच्या खात्यात होते. गावागावांहून कॅन यायचे आणि जनार्दनराव झाकण उघडून वास घ्यायचे, कॅन तिरपा करून बघायचे, परीक्षानळीत थोडं घालून तापवायचे आणि पास की नापास ते सांगायचे. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी रोज सकाळी पिशवीतलं दूध त्यांनी उजेडाला धरून बघितल्याशिवाय घरात चहा होत नसे. बडोद्यात त्यांच्याइतकं दूध जाणणारे फार नसतील, असं सुनंदाबाई म्हणायच्या आणि ते खरंही होतं.

डेअरीचा एक पक्का नियम होता. जनावर व्यालं, की पहिल्या पाच दिवसांचं दूध घ्यायचं नाही. त्यात चीक असतो, तापवलं की फाटतं, आणि एक कॅन चुकून आत गेला तर अख्खी टाकी नासते. असे कॅन लपवून पाठवणारे जनार्दनरावांनी शेकड्याने पकडले होते. तेव्हा पाण्याची बाटली घ्यायला त्यांनी फ्रिज उघडला, झाकलेली वाटी दिसली, हाताने ती आपोआप तिरपी केली आणि तोंडातून आपोआप निकाल निघाला, "चीक आहे. चालणार नाही." मग एकदम हा नमुना कुठून आला असेल ते त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी वाटी जागेवर ठेवली, मान खाली घातली आणि आपल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. पण निकाल तर लागला होता.

त्या घरात कुणी आवाज चढवत नसे. केयूरचे पणजोबा संस्थानात दप्तरदार होते आणि तेव्हापासून हे घराणं हळू आवाजातच बोलत आलं होतं. रसिकाने सात वर्षांत तेवढं शिकून घेतलं होतं. ती हळूच म्हणाली, "आई, ते बाळाचं जेवण होतं. रात्रीपर्यंतचं."

सुनंदाबाई गोंधळल्या. त्यांना वाटलं होतं, हिने वाईट आहे ते आधी काढून टाकलं, म्हणजे मागाहून चांगलं येईल. सगळ्यांचं असंच तर करतात. केयूरच्या वेळी त्यांनीही तीन दिवस त्याला मधाचं बोट चाटवलं होतं. काय झालं त्याला?

केयूरला काय काय झालं याची यादी रसिकाच्या मनात होती, पण ती वेळ नव्हे असं तिला वाटलं.

त्या वेळी तिच्या बाजूने बोलायला घरात कुणी नव्हतं. तिची आई इंदूरला गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पडून होती. माहेरी जायचं रसिकाचं तिकीट पुढच्या महिन्याचं होतं आणि बाळाने त्याआधीच, सातव्या महिन्यात, कुणालाही न विचारता गाडी पकडली होती.

केयूरला सहाच्या आत सुटता येईना. म्हणून दुपारी जनार्दनराव तिच्याबरोबर रिक्षाने निघाले. अकोट्याच्या पुलावरून जाताना ते पूर्ण वेळ विश्वामित्रीकडे बघत होते आणि रसिका दुसरीकडे रस्त्याकडे बघत होती. दोघांच्या मध्ये सीटवर पिशवीत ती रिकामी वाटी होती. आज जे काय येईल ते तिथेच, सिस्टरच्या देखत काढायचं असं तिने ठरवलं होतं.

आत जाताना चपला काढायच्या, कोपरापर्यंत हात धुवायचे, झगा घालायचा. आजोबांना दोन मिनिटांची परवानगी मिळाली. काचेच्या पेटीवर पाटी होती, बेबी ऑफ रसिका, एक किलो एकशे ऐंशी ग्रॅम. जनार्दनरावांनी नातवाला पहिल्यांदाच पाहिलं. अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्या आणि वर थोडं, असं त्यांच्या मनात आलं असणार, कारण त्यांना दुसरं माप ठाऊक नव्हतं. बाळाच्या नाकात दोऱ्यासारखी नळी होती. डोक्यावर ओवीचा जुना लोकरी पायमोजा दुमडून टोपीसारखा घातला होता. आजीने विणलेल्या सहाही टोप्या छातीपर्यंत येत होत्या.

श्रद्धा सिस्टरने वाटीची हकीकत ऐकली. ती वयाने रसिकाहून लहान होती, पण त्या खोलीत तिच्यापुढे मोठमोठ्या सासवा उभ्या राहून ऐकत. तिने जनार्दनरावांना विचारलं, "काका, तमे डॉक्टर छो?"

"ना. डेअरीमां हतो."

"आ डेअरी नथी, काका."

एवढंच बोलली, पण मग गुजराती-हिंदीच्या मिसळीत तिने त्यांना नीट बसवून समजावलं. डेअरीत ते दूध नापास होतं, कारण ते माणसाच्या चहासाठी नसतंच, ते वासराचं असतं. आणि हे ह्याचं आहे. तिने पेटीकडे बोट केलं. ह्या पिवळ्या थेंबाला इथे आम्ही पहिली लस म्हणतो. नळीतून देऊन उरला, तर बोळ्याने त्याच्या गालाला आतून लावतो. थेंबही टाकत नाही.

मग तिने रसिकाकडे वळून पुढचं सांगितलं आणि तेच सगळ्यांत महत्त्वाचं होतं. बाळ आता एक मिलिलिटर पितं, पण रोज वाढवत न्यायचं आहे. दहा-बारा दिवसांत त्याला आतापेक्षा पंधरा-वीस पट लागेल. आईचं पुरलं नाही तर दुसऱ्या आईचं मागवता येतं, पण त्याला रांग आहे. नाहीतर पावडर. ह्याचं आतडं इतकं कोवळं आहे, की त्यावर पावडर घालायचं धाडस मला नको वाटतं, डॉक्टरांनाही नको वाटतं. तेव्हा दिवसातून आठ वेळा काढा. येवो न येवो, आठ वेळा. त्यातली एक वेळ पहाटेची, ती चुकवायची नाही. शरीर आत्ता गिऱ्हाईक किती येतंय ते बघतंय. पहिल्या चौदा दिवसांत गिऱ्हाईक दिसलं नाही तर ते दुकान आवरून घेईल आणि मग कितीही हाक मारा.

रसिका मान डोलावत राहिली. जनार्दनराव इतका वेळ जमिनीकडे बघत होते. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि विचारलं, काढल्यावर किती तापमानाला ठेवायचं? चार डिग्री. किती तास? दोन दिवसांच्या आत इकडे आणा. आणताना? बर्फात. त्यांनी ते तळहातावर लिहून घेतलं. त्या दुपारी पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर, आपल्याला समजेल अशा भाषेत कुणीतरी बोललं, असं दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते लहरीपुऱ्यात जाऊन बर्फाची पेटी, घट्ट झाकणाचे दोन स्टीलचे डबे आणि चिकटपट्ट्यांचं पाकीट घेऊन आले. हॉस्पिटलने निर्जंतुक बाटल्या दिल्या होत्या आणि दूध काढायचं एक यंत्रही, वापरून परत करायचं. बाटली भरली, म्हणजे तिच्यात काही आहे असं म्हणण्याइतपत झालं, की रसिका ती फ्रिजमध्ये ठेवी आणि जनार्दनराव तिच्यावर चिठ्ठी लावत. तारीख, वेळ, प्रमाण. अक्षर मोत्यासारखं. नावाच्या जागी मात्र ते ‘नमुना १’, ‘नमुना २’ असं लिहीत. तिसऱ्याच दिवशी सिस्टरने निरोप पाठवला, की इथे तीस आयांच्या बाटल्या असतात, नमुन्याची आई आम्ही कुठे शोधायची? त्या संध्याकाळच्या बाटलीवर ‘रसिका’ असं लिहिलेलं होतं. सात वर्षांत त्यांच्या हस्ताक्षरात तिने आपलं नाव पहिल्यांदा पाहिलं आणि उगाचच बाटली दोनदा फिरवून बघितली.

पण तिच्याशी ते त्याबद्दल एक शब्द बोलत नव्हते. ज्या माणसाने सगळी हयात दुधाबद्दल बोलण्यात घालवली, त्याला सुनेसमोर दूध हा शब्द उच्चारता येईना. दारापाशी उभे राहून ते सुनंदाबाईंना म्हणत, "तिला विचार, सहाची गाडी भरली का." गाडी म्हणजे त्यांची स्कूटर. सकाळी अकरा आणि संध्याकाळी सहा, अशा तिच्या दोन फेऱ्या होत्या आणि त्यांनी एकही चुकवली नाही.

पाचव्या दिवशी सगळ्या बैठका मिळून साठ मिलिलिटर झालं. पिवळेपणा गेला, पांढरं, पातळ यायला लागलं. सहाव्या दिवशी शंभर, सातव्या दिवशी एकशे साठ. घरात सगळे एकमेकांकडे बघून हसायला लागले आणि इथेच घोटाळा झाला. आता सगळं सुरळीत आहे म्हटल्यावर लोक भेटायला यायला लागले.

बाळ घरी नाही म्हटल्यावर बघायला काय येणार, असं रसिकाला वाटलं होतं. पण लोक तिला बघायला येत होते. वरच्या मजल्यावरच्या मंदाकिनीबाई तर रोज. त्या येताना काहीतरी आणायच्या आणि जाताना एक उपाय ठेवून जायच्या. अळिवाची खीर, शतावरी, खसखस, मेथीचे लाडू. शेजारच्या गुजराती काकूंनी सुंठ घातलेला शिरा आणि सुव्याचं, म्हणजे बाळंतशेपेचं, पाणी पाठवलं. प्रत्येकीला कुणीतरी एक बाई माहीत होती, जिला इतकं दूध होतं की विचारू नका, आणि दुसरी एक, जिचं एका रात्रीत गेलं. दूध यावं म्हणून सगळ्यांनी रसिकाला दिवसभर खायला घातलं. फक्त तिला अर्धा तास एकटीला बसू देणं कुणाला सुचलं नाही. तिची तीनची बैठक मंदाकिनीबाईंच्या चहात गेली, सहाची एका मावसनणंदेच्या गप्पांत. दमून ती अशी झोपली, की पहाटेचा गजर तिने कधी बंद केला तेही तिला आठवेना.

नवव्या दिवशी नव्वद. दहाव्या दिवशी सत्तर.

डॉक्टर सभ्य होते. ते म्हणाले, अजून बघू. सोमवारपर्यंत थांबू. मंगळवारपासून थोडी थोडी पावडर सुरू करावी लागेल, त्याच्या वजनासाठी. रसिका म्हणाली, हो. बाहेर येऊन ती चपला घालायच्या बाकावर बसली. तिला चपलेचा अंगठा सापडेना. केयूरने वाकून तिच्या पायात चपला घातल्या आणि म्हणाला, होईल गं. ह्यापेक्षा जास्त काय बोलायचं हे त्यालाही कळत नव्हतं आणि ते तो लपवतही नव्हता, म्हणून तिला त्याचा राग आला नाही.

शुक्रवारी दुपारी ती खोलीत यंत्र लावून बसली. घर्र, घर्र, घर्र. समोर भिंत. भिंतीवर एका बँकेचं कॅलेंडर, त्यावर धबधबा. वीस मिनिटं त्या धबधब्याकडे बघून बाटलीत सहा मिलिलिटर झालं. सुनंदाबाई दाराबाहेरून म्हणाल्या, मनावर घेऊ नकोस, मनावर घेतलं की येत नाही. तेव्हापासून तिने फक्त मनावर घ्यायचंच काम केलं. शरीराला कळत होतं, की ह्या खोलीत कुणी भुकेलं नाही. यंत्राला काय, त्याला भूकही नाही आणि डोकंही नाही, टोपी घालायला.

तेवढ्यात पॅसेजमध्ये जनार्दनराव ओवीला गोष्ट सांगायला लागले. गोष्ट रोज बाल्कनीत व्हायची. आज ती रसिकाच्या दाराला खेटून चालली होती आणि आवाज त्या घराण्याच्या मानाने बराच मोठा होता.

गोरव्याला एक गवळी होता. त्याच्या गाईचं वासरू आजारी पडलं, म्हणून डॉक्टरकडे ठेवलं. गवळी बादली घेऊन बसला, तर गाय एक थेंब देईना.

"मग तिने रडून दाखवलं?" ओवीने विचारलं.

"गाय रडत नाही. पान्हा चोरते."

"चोरी करते?"

"चोरी नाही गं. ठेवून देते. वासरासाठी. तिला काय माहीत, ही बादली वासरालाच जाणार आहे म्हणून."

"मग सांगायचं ना तिला."

"सांगून कळत नाही. तिलाही नाही आणि..." जनार्दनराव थांबले. "कुणालाच नाही. मग गवळ्याने काय केलं, वासरू ज्या गोणपाटावर निजायचं ते आणलं आणि तिच्या नाकापुढे धरलं."

"मग?"

"मग बादली बदलावी लागली."

दाराच्या आत रसिका यंत्राचा पाइप हातात धरून बसली होती. गणितात एम.एस्सी., नऊ वर्षं शाळेत शिकवते आणि सासरेबुवा तिला गोरव्याच्या गाईची गोष्ट सांगतात. हसावं की उठून दार उघडावं हे तिला ठरवता येईना. शेवटी तिने दोन्ही केलं नाही.

शनिवारी अकराची फेरी करून जनार्दनराव परत आले, ते थेट स्वयंपाकघरात गेले आणि एक स्टीलचा डबा ओट्यावर ठेवून म्हणाले, "तिला दे." डब्यावर चिठ्ठी होती. टोपी. आठ दहा ते अकरा पन्नास. उघडून लगेच वापरावे. झाकण लगेच लावावे.

ते कसं घडलं, हे सिस्टरने मागाहून सांगितलं. काका एनआयसीयूच्या दाराशी पाऊण तास उभे होते. काय पाहिजे विचारलं, तर काही नको म्हणाले. पुन्हा विचारलं, तर गाईबद्दल काहीतरी बोलायला लागले. बऱ्याच वेळाने सिस्टरच्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे ती गोष्ट ती स्वतःच त्या दिवशी रसिकाला सांगणार होती, इथे सगळ्या आयांना बाळाचं कापड देतातच. पण डबा घेऊन आलेला माणूस तिने पहिल्यांदा पाहिला.

रसिकाने झाकण उघडलं. आत ओवीचा तो पायमोजा होता. आधी हॉस्पिटलचा वास आला, औषधाचा, साबणाचा. त्याच्याखाली दुसरा काहीतरी होता, भिजवून ठेवलेल्या तांदळासारखा, पण तसाही नाही. तिने डोळे मिटले. यंत्राचं बटण दाबायच्या आधीच कुडता भिजला.

ती बाटली अर्धी भरली. रसिकाला वाटलं तेवढी भरभरून काही नाही, पन्नास मिलिलिटर. पण त्या आठवड्यात एका बैठकीत पन्नास तिने पाहिले नव्हते.

नुसत्या टोपीने झालं, असं म्हटलं तर सुनंदाबाईंवर अन्याय होईल. त्यांनी त्याच दुपारी मुख्य दाराजवळ खुर्ची टाकली आणि भाजी निवडायला घेतली. तीन वाजता मंदाकिनीबाई बीटाचा हलवा घेऊन आल्या. सुनंदाबाईंनी हलवा घेतला आणि जाळीचं दार लावून घेतलं. म्हणाल्या, सोयर आहे.

मंदाकिनीबाई म्हणाल्या, अहो, सोयर दहा दिवसांचं. आणि परवा तर मी आत बसून चहा घेतला.

"आमच्यात एकवीस दिवस असतं," सुनंदाबाई म्हणाल्या. "संस्थानी पद्धत आहे. परवाचं चुकून झालं."

सुनंदाबाई तीस वर्षं शाळेत मुलांना खरं बोलायला शिकवत होत्या आणि आयुष्यात त्या कधी खोटं बोलल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. मंदाकिनीबाईंचे यजमान रिफायनरीत नोकरी लागली म्हणून बडोद्याला आलेले, चाळीसच वर्षांपूर्वी. संस्थानी पद्धतीपुढे त्या काय बोलणार? बिल्डिंगमध्ये दोन दिवसांत ही पद्धत सगळ्यांना कळली आणि एका बाईने तर आपल्या सुनेलाही लावावी म्हणून नियम विचारून घेतले.

रसिकाच्या आठ बैठका मग आठच राहिल्या. पहाटेचा गजर केयूरने आपल्या उशाशी घेतला. डबा रोज येई, रोज जाई. रविवारी एकशे नव्वद, सोमवारी दोनशे साठ. सोमवारी संध्याकाळी डॉक्टरांनी जनार्दनरावांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या एकेक वाचल्या आणि म्हणाले, पावडरचं आणखी तीन दिवस राहू दे. त्या तीन दिवसांनंतर कुणी पावडरचा विषयच काढला नाही. अठराव्या दिवशी साडेचारशे भरलं आणि सिस्टरने बाळाला पहिल्यांदा रसिकाच्या छातीवर ठेवलं, कपड्याच्या आत, कातडीला कातडी. ते पायमोज्याची टोपी घातलेलं एक किलो तीनशे ग्रॅम वजन. रसिका तासभर हलली नाही. तिला श्वास घ्यायचीही भीती वाटत होती, पण तो श्वास घेत होता, तेव्हा तिनेही घेतला.

पुढच्या रविवारी गोरव्याच्या गवळ्याकडून जनार्दनरावांना फोन आला. गाय व्याली होती आणि साहेबांची त्याला आठवण झाली होती. ते किटली घेऊन गेले आणि तासाभरात पहिल्या दिवसाचा चीक घेऊन आले. सुनंदाबाईंनी किटलीचं झाकण काढलं आणि त्यांचा चेहरा उजळला. किती दाट आहे बघ, किती पिवळा. असा हल्ली मिळतो कुठे. त्यांनी गूळ किसला, वेलदोडे कुटले, जायफळ उगाळलं. किटलीच्या तळाशी राहिलेलं बोटाने निपटून घेतलं, थेंब ठेवला नाही. जनार्दनरावांनी चमच्यात थोडा चीक घेऊन, तिरपा करून पाहिला आणि पास केला.

चार वाजता सगळे टेबलाशी बसले. सुनंदाबाईंनी खरवसाची मोठी वडी रसिकाच्या ताटलीत ठेवली. बाळंतिणीला चांगला. रसिका वडीकडे बघत राहिली. अगदी तोच रंग.

"बाबांना हा चालला?" ती हळूच म्हणाली.

केयूर हसला आणि दुसऱ्याच क्षणी थांबला. जनार्दनराव सुरीने आपल्या वडीचे चौकोन करत होते, ते चौकोनांचे आणखी लहान चौकोन करायला लागले.

"गाईचा वेगळा गं," सुनंदाबाई म्हणाल्या. त्यांनी पातेल्याच्या कडेला चिकटलेलं खरवडायला घेतलं. बराच वेळ खरवडलं. मग वर न बघताच म्हणाल्या, "माझाही टाकलाच होता. तीन दिवस. सासूबाईंनी सांगितलं, मी टाकला. मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही."

 रसिकाला वाटलं, आपण उगाच बोललो. पण न बोलूनही चाललं नसतं.

"रसिका," जनार्दनराव म्हणाले. सुनंदाबाईंनी मान वर केली, कारण ह्या वेळी निरोप त्यांच्यामार्फत गेला नव्हता. "खा तू. सहाच्या गाडीला अजून दूध भरायचं आहे."

तो शब्द म्हणून झाल्यावर त्यांचे कान लाल झाले. रसिकाने वडीचा मोठा तुकडा तोडून तोंडात टाकला. मऊ, थंड, जायफळाचा वास असलेला. छान झाला होता, तेच तर वाईट होतं.

ओवी खुर्चीवर गुडघे टेकून बसली होती. तिने आपली वडी अर्धी खाल्ली होती आणि आता ती उरलेली चमच्याने हलवून बघत होती.

"आजोबा म्हणाले, हे गाईचं पहिलं दूध असतं."

"हो," रसिका म्हणाली.

"वासरासाठी ठेवलेलं."

रसिकाच्या तोंडात घास होता. तिने जनार्दनरावांकडे पाहिलं. ते त्यांच्या लहान चौकोनांकडे बघत होते. सुनंदाबाई पातेलं घेऊन सिंककडे निघाल्या होत्या, त्या मध्येच थांबल्या.

"आई," ओवीने विचारलं, "मग त्या वासराला आज पावडर दिली का?"